खोपकर डॉक्टरांचे चालते रोगी

म्हसळ्याच्या बाजारपेठेत खोपकर डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यात डॉक्टरांची खुर्चीही होती, पण तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असायचा. डॉक्टर बसत नसत. नाडी उभ्याने बघत, चहा उभ्याने पीत, आणि रोगी आपली कहाणी सांगत असला की खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत. बाकावर बसलेल्या बायाबापड्यांच्या माना त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरत. गावात त्यांना भिंगरी डॉक्टर म्हणत. त्यांच्या पत्नी मालतीबाई सांगत, "लग्नात एवढा वेळ पाटावर बसले ते उपरण्याची गाठ माझ्या शालूला होती म्हणून."

मी त्यांच्याकडे कंपाउंडर म्हणून आलो तो एकोणपन्नास साली. त्याआधी मुंबईत औषधाच्या दुकानात सहा वर्षं काढली होती. लग्न झालेलं होतं, एक मुलगी होती, आणि मुंबईच्या कोंदट खोलीला बायको कंटाळली होती. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. माणगावहून येणारा रस्ता मातीचा होता. डॉक्टर बाहेरगावच्या रोग्यांकडे पायीच जात. कॅनव्हासचे बूट, त्यांना टायरचा तळ ठोकलेला, शर्टाचा खिसा चिठ्ठ्यांनी फुगलेला. पन्नाशीला टेकलेला हा बारीक माणूस इतका भरभर चाले, की बॅग घेऊन मागून येणाऱ्याची दमछाक व्हायची.

त्या चालण्यातूनच पुढचं सगळं निघालं.

दवाखान्यात एक कुणबी शेतकरी तीन दिवस येऊन बसत होता. पोटात दुखतं म्हणे. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते वैतागले. त्यांना खाडीपलीकडच्या गावी बाळंतिणीला बघायला जायचं होतं. ते निघाले तसा हा माणूसही उठला आणि मुकाट्याने बॅग उचलून त्यांच्या मागे गेला. संध्याकाळी डॉक्टर परत आले ते दारातूनच बोलत आले. दुसऱ्या वळणावर त्या माणसाने सांगून टाकलं होतं. पोटात काही नव्हतं. दोन वर्षांपासून त्याला बायकोजवळ जायला जमत नव्हतं, आणि हे तो जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होता.

"गायकर," डॉक्टर मला म्हणाले, "तो माझ्या मागून चालत होता. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, त्याला माझं दिसत नव्हतं. म्हणून बोलला. आणि मी तीन दिवस त्याची जीभ बघत होतो."

त्या माणसाचं कारण सरळ निघालं. दारूबंदी नुकतीच आली होती आणि तो लपूनछपून मिळेल ती हातभट्टीची दारू रोज पीत होता. डॉक्टरांनी ती सोडवली. सोपं गेलं नाही. चार महिन्यांत दोनदा तो पुन्हा प्यायला लागला, दोन्ही वेळा डॉक्टर त्याच्या शेतावर जाऊन उभे राहिले. मग कधीतरी त्याने दवाखान्यात पडवळं आणून दिली आणि काहीच न बोलता गेला. डॉक्टरांनी त्यातून काय ते ओळखलं.

ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे. पुरुष येऊ लागले. म्हसळ्याचे, खेड्यांतले, श्रीवर्धन-दिवेआगरचे. बाकावर बसलेल्या बायकांसमोर ते मला हळूच म्हणत, "कंपाउंडर, डॉक्टरांबरोबर जरा चालायचं हाय." मी चिठ्ठीवर 'पाठदुखी' लिहीत असे आणि कोपऱ्यात एक 'चा', म्हणजे चालायचं. ती चिठ्ठी हातात पडली की डॉक्टर बूट चढवत. दवाखान्यात 'नामर्द' हा शब्द त्यांनी बंद केला होता. एकाने स्वतःबद्दलच तो वापरला तेव्हा डॉक्टर त्याच्यावर खेकसले की पडसं झालं तर नाकाला शिव्या देतोस का. त्यांना राग फार लवकर यायचा. मग त्या रागाचं वाईट वाटून ते दुप्पट वेगाने फेऱ्या मारत.

बावन्न सालच्या शिमग्यानंतर सीताराम आला. गाव म्हसळ्यापासून दोन कोसांवर, वय चोवीस-पंचवीस, मुंबईला गिरणीत कामाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. वर्षातून दोनदा घरी यायचा, गणपतीला आणि शिमग्याला, आठ-दहा दिवस. तेवढ्या दिवसांत घरातले सगळे त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे, यशोदेकडे, डोळे लावून बसलेले. मूल नव्हतं. आई सुनेला भगताकडे नेत होती, झाडपाला पाजत होती, आणि आता तिला माहेरी पाठवून दुसरी करायचं चाललं होतं. खरी गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. तीन वर्षांत त्यांचा संबंध एकदाही झाला नव्हता. पहिल्या रात्री सीताराम घाबरला, दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीला घाबरला, आणि मग ते तसंच चालू राहिलं. यशोदेने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. वांझ म्हणवून घेत होती.

सीतारामचे हात थरथरत होते आणि हिरड्यांवर फोड होते. यात्रेत पाल ठोकून बसणाऱ्या एका वैदूने त्याला ताकदीच्या पुड्या दिल्या होत्या. डॉक्टरांनी एक पुडी उघडून बघितली आणि मला म्हणाले की हा पारा आहे, याने ताकद यायची सोडून दात जातील. पुड्या त्यांनी मागच्या खड्ड्यात पुरायला लावल्या. मग सीतारामला घेऊन श्रीवर्धनच्या रस्त्याला लागले.

परत आल्यावर त्यांनी मला समजावलं. काय विचारलं, ते का विचारलं, हे ते मला नेहमी सांगत, नावं वगळून. सीतारामच्या पुड्या मीच पुरल्या होत्या, त्यामुळे त्याचं मात्र मला सगळं कळणारच होतं. सकाळी झोपेतून उठताना ताठरपणा येतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. सीताराम लाजून व्हय म्हणाला होता. म्हणजे रक्त जातं, नसा चालतात, यंत्रात बिघाड नाही. बिघाड भीतीचा. माणूस घाबरला की रक्त हातापायांकडे पळतं, पळून जायच्या तयारीत, आणि तिकडे जायचं राहतं. अशा माणसाला 'प्रयत्न कर' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दाबण्यासारखं, असं ते म्हणाले.

त्यांनी सीतारामला दोन महिन्यांच्या विश्रांतीचं सर्टिफिकेट लिहून दिलं. हिरड्या आणि हातांची थरथर बघता ते खोटंही नव्हतं. दिवेआगरला त्यांच्या ओळखीच्या एकाची नारळी-पोफळीची वाडी होती, तिथे राखणीला जोडपं हवं होतं. सीतारामच्या आईला आणि चुलत्याला त्यांनी दवाखान्यात बोलावून घेतलं. म्हातारी म्हणाली की सुनेतच खोट हाय, तिला कशाला पाठवायची. मला वाटलं आता हे भडकणार. पण डॉक्टर थांबले, एका जागी उभे राहिले, आणि सावकाश म्हणाले, "खोट कुणाची ते मी बघितलेलं नाही, तुम्हीही बघितलेलं नाही. मुलाच्या अंगात पारा गेलाय. त्याच्या पथ्याला बायको लागेल. दोन महिने त्यांच्याकडे कुणी जायचं नाही आणि कुणी काही विचारायचं नाही. एवढं ऐकणार नसाल तर दुसरा डॉक्टर बघा."

दुसरा डॉक्टर माणगावाशिवाय नव्हता. म्हातारी कबूल झाली.

सीतारामला मात्र त्यांनी वेगळंच पथ्य सांगितलं होतं. तीन आठवडे दोघांनी एकत्र राहायचं, बोलायचं, वाडी शिंपायची, एकाच अंथरुणावर झोपायचं, पण संबंध करायचा नाही. सक्त मनाई. तसं वाटलं तरी नाही. ही युक्ती त्यांनी एका जुन्या पुस्तकात वाचली होती.

अठराव्या दिवशी सीताराम दवाखान्यात हजर. मान खाली. मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. दवाखान्यात नेमकं कुणी नव्हतं म्हणून तो तिथेच बोलला.

"डॉक्टरसाहेब, रागावू नका. पथ्य मोडलं."

"कधी?"

"परवा. आन् काल बी."

डॉक्टरांनी चेहरा अतिशय गंभीर केला. म्हणाले, आता मोडलंच आहे तर पुढचे दिवस पाळून काही उपयोग नाही, जा. तो गेल्यावर ते औषधांच्या खोलीत आले आणि तिथल्या टेबलावर दोन्ही हातांनी तबला वाजवावा तसे थापा मारत राहिले. पुढच्या वर्षी यशोदेला मुलगी झाली. बारशाचा निरोप आला, पण डॉक्टर गेले नाहीत. त्यांना तिथे बघून कुणाला काही शंका येऊ नये, म्हणून.

त्या यशाने डॉक्टरांचा घात केला. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष येईल त्या पुरुषाच्या दुखण्यात त्यांना भीतीच दिसायला लागली. चालणं तेच, पण ऐकणं कमी झालं. अर्ध्या वाटेवरून परत येऊ लागले.

उस्मानमियाँ सारंग याच काळात आले. जहाजावर तीस वर्षं काढून म्हसळ्यात घरी परतलेले, पंचावन्नच्या आसपासचे, भारदस्त, डॉक्टरांचे मित्र. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून बंदरांच्या गोष्टी सांगायचे आणि डॉक्टर त्यांच्यासमोर येरझारा घालत ऐकायचे. एक दिवस मियाँ म्हणाले की आज मीही तुमच्याबरोबर चालतो. दोघे खाडीच्या पुलापर्यंतही गेले नसतील, परत आले. डॉक्टरांनी मला टॉनिक भरायला सांगितलं. तीस वर्षं बाहेर राहिलेला माणूस, घर परकं झालंय, रुळेल हळूहळू, असं त्यांचं निदान होतं.

आठ महिन्यांनी उस्मानमियाँ लंगडत आले. अंगठ्याला चपलेने छोटी जखम झाली होती, ती महिना झाला तरी भरत नव्हती. अंगठा काळा पडला होता. वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. मला लघवी तपासायला सांगितली. निळ्या औषधात थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर नसेल तर ते निळंच राहतं. ते हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं. डॉक्टर नळीकडे बघत राहिले. मधुमेह किती वर्षांचा होता कोण जाणे. त्याने आधी बारीक नसा आणि रक्तवाहिन्या खाल्ल्या होत्या, आणि शरीराने दिलेली त्याची पहिली खबर मियाँनी त्या पुलाकडच्या फेरीत सांगितली होती.

मुंबईला नेऊन पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मियाँ परत आले तेव्हा डॉक्टर त्यांच्या घरी गेले. मीही मलमपट्टीचं सामान घेऊन बरोबर होतो. डॉक्टर उभ्यानेच म्हणाले की माझी चूक झाली, मी साखर तपासायला हवी होती. उस्मानमियाँनी कापलेल्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "डॉक्टर, ती गोष्ट तुम्हाला सांगायची हिंमत जमवायला मला सात महिने लागले. तुम्ही पुलाच्या अलीकडेच जवाब दिला. पायाचं नसीब. पण तेवढं पुलापर्यंत यायला हवं होतं."

त्या दिवशी मी डॉक्टरांना बसलेलं पाहिलं. मियाँच्या खाटेशेजारी स्टुलावर, जवळजवळ तासभर. आहार, इन्शुलिनची सुई, सगळं समजावलं. मियाँच्या बेगमलाही पडद्याआडून समजावलं. आणि मियाँनी विचारलं तेव्हा हेही खरं सांगितलं, की ते दुसरं सगळंच्या सगळं परत येईल असं नाही, त्याला आज तरी माझ्याकडे औषध नाही. पण घरात तोंड फिरवून झोपायचं कारण नाही. मियाँ पुढे नऊ वर्षं जगले. कुबडी घेऊन पुन्हा पायरीवर येऊन बसू लागले.

डॉक्टर मात्र बदलले. आता पहिल्या फेरीत ते काही म्हणजे काही सांगत नसत. नुसतं विचारत. कधीपासून? एकदम झालं की हळूहळू? सकाळी उठताना? तहान किती? लघवीला किती वेळा? विडी, दारू, तंबाखू? माडावरून पडलात का, पाठीला मार लागला का? घरात भांडण आहे का? कुणी गेलंय का? प्रत्येकाच्या नळ्या मला दिव्यावर धराव्या लागत. वर्षभरात आम्हाला असे पाच जण सापडले, ज्यांना आपल्याला मधुमेह आहे याचा पत्ता नव्हता. एक जण माडावरून पडलेला निघाला, मणक्याला मार होता, त्याला मुंबईला पाठवला. एकाचा भाऊ बुडाला होता आणि तेव्हापासून त्याचं कशातच मन नव्हतं. त्याच्याबरोबर डॉक्टर दोन महिने चालले, औषध एकही दिलं नाही.

मग एक नवीनच भानगड झाली. बाजारातल्या एका किराणावाल्याने एका गिऱ्हाइकाला सगळ्यांदेखत विचारलं, काय, डॉक्टरांबरोबर फिरायला लागलास वाटतं? लोक हसले. तो माणूस यायचा बंद झाला, त्याच्यामागून आणखी तिघे. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते भर दुपारी दवाखान्यात तासभर फेऱ्या मारत होते आणि रोगी ताटकळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोस्टमास्तरांना गाठलं आणि म्हणाले, चला, जरा चालू. तिसऱ्या दिवशी शाळेचे हेडमास्तर. मग भटजी, मशिदीतले मौलवी, तलाठी. मलाही दर शनिवारी चालवत. महिन्याभरात त्यांनी त्या किराणावाल्यालाच पकडून पेठेतून मिरवत पुलापर्यंत नेलं आणि आणलं. गावातला कुठलाच पुरुष त्यांच्याबरोबर चालायचा राहिला नाही. मग कोण कशासाठी चालतो हे कुणाला ओळखता येईना, आणि गेलेले चौघे परत आले.

मालतीबाईंची तब्येत बिघडू लागली आणि चौसष्ट साली डॉक्टरांनी दवाखाना एका नव्या डॉक्टरांना देऊन मुंबईला मुलीकडे जायचं ठरवलं. मालतीबाई आधीच गेल्या होत्या. मी डॉक्टरांना पोचवायला रेवसपर्यंत गेलो. अलिबागला दवाखान्याचं काम होतं हे निमित्त. खरं कारण माझ्या पोटात दहा महिने होतं. पंधरा वर्षं मी चिठ्ठ्यांवर 'चा' लिहिला होता आणि माझी स्वतःची चिठ्ठी लिहायला हात उचलत नव्हता. दर शनिवारी बरोबर चालायचो आणि पावसापाण्याच्या गोष्टी करायचो. घरी बायको माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली होती.

लाँच धक्क्याला लागली. हमालाने डॉक्टरांची ट्रंक आणि वळकटी आत नेऊन ठेवली. डॉक्टर फळीवर चढले, मी नमस्कार केला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, मलाही चालायचं होतं."

ते फळीवरून खाली उतरले. खलाशी ओरडला की लाँच सुटतेय. डॉक्टरांनी हातानेच जा म्हणून खूण केली. ट्रंक, वळकटी घेऊन लाँच भाऊच्या धक्क्याकडे निघून गेली आणि आम्ही धक्क्यावर चालायला लागलो.

त्यांनी सगळे प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. हळूहळू झालं. सकाळीही नाही. साखर मी माझी चोरून तपासली होती, नव्हती. मग त्यांनी विचारलं की दहा-अकरा महिन्यांपूर्वी काय नवीन सुरू झालं.

"काही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या. तुम्ही दिलेल्या."

ते थांबले. सर्पगंधेच्या गोळ्या त्या, तेव्हा सगळीकडे चालायच्या. रक्तदाब चांगला उतरवायच्या, माणूस शांत व्हायचा.

"म्हणजे मीच," डॉक्टर म्हणाले. "सगळं अंग निजवणारं औषध दिलं आणि तेवढंच जागं राहील असं समजलो. काय खाता, काय पिता सगळ्यांना विचारतो. मी काय देतो ते विचारायचं राहिलं."

मग भराभर सांगू लागले. गोळी एकदम बंद करायची नाही. नव्या डॉक्टरांना सांगून आधी अर्धी करायची, आठवड्याला दाब मोजायचा, मीठ तोडायचं, मग दुसरं औषध बघायचं. मी मान डोलावत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "घरी सांगितलंत?"

मी नाही म्हणालो.

"आज सांगा. गोळी उद्या अर्धी केलीत तरी चालेल."

मी त्या रात्री घरी पोचलो तसं सांगितलं. बायको बराच वेळ भाकरीच्या पिठात हात घालून बसली. म्हणाली, "मला वाटलं माझाच कंटाळा आलाय." गोळ्या बदलल्या आणि तीन महिन्यांत माझं सगळं पूर्ववत झालं. मी डॉक्टरांना पत्र टाकलं, 'पाठदुखी थांबली' एवढंच. त्यांचं उत्तर आलं. पुढे दोन वर्षांत ते वारले. आमची भेट पुन्हा झाली नाही.

शेवटचे दिसले ते तिथेच, रेवसला. दुपारची लाँच आली. ते रिकाम्या हातांनी चढले, सुक्या मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळणींमधून वाट काढत कठड्याशी आले आणि खिसे चाचपायला लागले. इंजिन सुरू झालं. लाँच हातभर सुटली असेल, तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली.

"गायकर, त्या गोळ्या आपण आणखी कुणाकुणाला दिल्यात?"

मी आठवून नावं सांगू लागलो. ते एका चिठ्ठीवर लिहून घेत होते. लाँच वळली तसा मी धक्क्याच्या कडेकडेने तिच्याबरोबर निघालो, मोठ्याने एकेक नाव घेत. प्रत्येक नावाला ते मान हलवत आणि पुढचं मागायला हात वर करत. धक्का संपला तिथे मी उभा राहिलो. सातवं नाव त्यांना ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही.